बिडकीनहून विद्यापीठापर्यंत

पैठणास जाणाऱ्या यात्रेकरूंस बिडकीन हे गाव नावाने ठाऊक असते, पाहून ठाऊक नसते. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे ज्यास जुन्या पिढीच्या तोंडी अद्यापही औरंगाबाद हेच नाव येते, त्या शहरातून दक्षिणेस गोदावरीकडे जो रस्ता जातो त्यावर हे गाव लागते. फाल्गुन वद्य षष्ठीस, नाथषष्ठीच्या सुमारास, दिंड्यांची रीघ ह्याच रस्त्याने पुढे सरकत असते. एरवी एस.टी. क्षणभर थांबते, कोणी उतरतो, कोणी चढतो, आणि नाथांच्या समाधीची ओढ लागलेला प्रवासी खिडकीबाहेर फारसे न पाहता पुढे निघून जातो. आम्हीही अनेकदा असेच गेलो असू. गेल्या ज्येष्ठात मात्र एका स्नेह्यांच्या आग्रहावरून चार दिवस येथे मुक्काम घडला, आणि गाव व त्याच्या भोवतालचा पालट निवांतपणे पाहावयास मिळाला.

पालट म्हणावा तर तो डोळ्यांस दिपविणारा आहे. ज्या काळ्या रानात कापूस, तूर आणि बाजरी पिकत होती तेथे आता रुंद सिमेंटचे रस्ते आखलेले आहेत, दुतर्फा दिव्यांचे खांब आहेत, आणि कित्येक ठिकाणी त्या दिव्यांखाली अद्याप चिटपाखरूही नाही. ही बिडकीनची औद्योगिक नगरी. तिचे क्षेत्र ७,८५५ एकर असून पंतप्रधानांच्या हस्ते २९ सप्टेंबर २०२४ रोजी तिचे लोकार्पण झाले. त्याच वर्षी टोयोटा-किर्लोस्कर कंपनीने येथे मोटारींचा मोठा कारखाना काढण्याविषयी राज्य सरकारशी करार केला. विजेवर चालणाऱ्या दुचाकी बनविणाऱ्या एथर कंपनीनेही हेच ठिकाण निवडले. किर्लोस्कर हे नाव मराठी घरांतून नांगरापासून परिचयाचे आहे. ते ह्या नांगरटीच्या रानात यावे हा योगायोग खचित मौजेचा.

जमीन गेली आणि पैसा आला, ही हकीकत येथे घरोघर ऐकू येते. पैशाचे काय झाले ह्याच्या कथा निरनिराळ्या आहेत. कोणी बंगला बांधला, कोणी मोटार घेतली, कोणी पलीकडच्या तालुक्यात पुन्हा जमीनच घेतली. आम्हांस त्याहून निकडीचा वाटला तो दुसराच प्रश्न. ज्या घरात आता नांगर धरावयाचा नाही त्या घरातील मुलामुलींनी काय करावे? आमच्या स्नेह्यांचे घर एकत्र कुटुंबाचे. घरात वडीलधारे तात्या, त्यांच्या पत्नी ज्यांस सारे आजी म्हणतात, दोघे कर्ते मुलगे, सुना, आणि सहा नातवंडे. थोरली नात नुकतीच रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. तिचे मन विद्यापीठात एम.एस्सी. करावी असे. धाकटा चुलतभाऊ म्हणे, आता कारखाने दारात येत आहेत, आय.टी.आय. करून दोन वर्षांत नोकरीस लागावे, विद्यापीठात दोन वर्षे घालवून मिळावयाचे काय? तात्यांचा विद्यापीठास विरोध नव्हता; परंतु मुलीने रोज घरून जावे-यावे, वसतिगृहात राहू नये, असा त्यांचा ठाम पक्ष होता. ह्या वादाच्या निमित्ताने आम्ही तिच्याबरोबर व तिच्या काकांबरोबर विद्यापीठ पाहून आलो.

वाचकांपैकी बहुतेकांची मुले पुण्यामुंबईस शिकतात. मराठवाड्यात घराजवळ विद्यापीठ असणे ही केवढी नवी गोष्ट आहे ह्याची त्यांस कल्पना नसावी. निजामाच्या राज्यात विद्यापीठ एकच, हैदराबादचे उस्मानिया. त्याची स्थापना १९१८ ची आणि शिक्षणाचे माध्यम उर्दू. औरंगाबादेस १९२३ मध्ये इंटरपर्यंतचे कॉलेज निघाले. त्यापुढे शिकावयाचे तर मनमाड-हैदराबाद मीटरगेज गाडीत बसून घर सोडावयाचे, किंवा इंग्रजी मुलखात पुणे-नागपूर गाठावयाचे. मराठी घरात जन्मलेला मुलगा मातृभाषा बाजूस ठेवून उर्दूतून गणित व इतिहास शिकत असे. ज्यांच्यापाशी पैसा किंवा पुण्यात एखादे आप्तघर होते ते शिकले. बाकीचे गावची तलाठी-कुलकर्ण्याची दप्तरे सांभाळीत राहिले. ज्यांस त्या दप्तराचाही अधिकार नव्हता त्यांच्याविषयी तर बोलावयासच नको.

हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाले. त्यानंतर दोनच वर्षांत, १९५० साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत औरंगाबादेस कॉलेज काढले. मुंबईत सिद्धार्थ कॉलेज चालू असताना ह्या मागासलेल्या कोपऱ्यात त्यांनी दुसरे कॉलेज का काढावे, असे पुष्कळांस वाटले असेल. त्यांनी मात्र शहराच्या कडेची विस्तीर्ण माळजमीन घेतली, तेथे झाडे लावविली, आणि कॉलेजच्या इमारतीबरोबर वसतिगृहांचा विचार केला. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते कोनशिला बसली. पुढे ह्या कॉलेजास मिलिंद हे नाव मिळाले, आणि परिसरास नागसेनवन. भिक्षू नागसेनास प्रश्नामागून प्रश्न विचारणारा यवन राजा तो मिलिंद. विद्यार्थ्याने कसे असावे हे ह्या एका नावात आले आहे. विद्यापीठ त्यानंतर आठ वर्षांनी, २३ ऑगस्ट १९५८ रोजी, पंडित नेहरूंच्या हस्ते सुरू झाले. श्री. डोंगरकेरी हे त्याचे पहिले कुलगुरू.

बिडकीनहून सकाळी साडेसातच्या गाडीने निघालो. चितेगाव मागे पडले, नक्षत्रवाडी आली, कांचनवाडी आली. ह्याच वाटेने नाथसागराचे पाणी नळांतून शहराकडे जाते. कांचनवाडीस पाणी व जमीन ह्यांचे शास्त्र शिकविणारी वाल्मी ही संस्था आहे, आणि विधी विद्यापीठही तेथे आहे. पण आमचे विद्यापीठ शहराच्या अगदी दुसऱ्या टोकास, उत्तरेच्या डोंगरापायथ्याशी. मध्यवर्ती बसस्थानकावर उतरून पुन्हा दुसरे वाहन धरावे लागले. दारातून निघाल्यापासून विभागाच्या पायरीवर पाय ठेवीपर्यंत दीड तास गेला. मुलीने घड्याळात पाहिले आणि काकांकडे पाहिले. बोलली काही नाही.

विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी मात्र थांबावेच लागते. ह्या द्वारावरील नावासाठी मराठवाडा सोळा वर्षे धुमसत होता. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विद्यापीठास डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि त्यानंतर मराठवाड्याच्या खेड्याखेड्यांतून दलितांची घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. ठराव कागदावर राहिला. १९७९ साली प्रा. जोगेंद्र कवाडे यांनी नागपूरहून लाँग मार्च काढला. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असा नामविस्तार झाला. आजही दर संक्रांतीस ह्या द्वारासमोर हजारो माणसे येतात, हात जोडतात, पुस्तके विकत घेतात. देवळाच्या दारात यात्रा भरते हे आपण पाहिले आहे. विद्यापीठाच्या दारात यात्रा भरल्याचे दुसरे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. आपल्या घरांतून ह्या सोळा वर्षांविषयी बोलण्याचा प्रघात नाही. पण मुलास किंवा मुलीस येथे धाडणाऱ्या घराने तरी ती हकीकत मुलांस आधी सांगावी, बाहेरून ऐकू देऊ नये, असे आमचे मत आहे.

आत शिरल्यावर शहराचा गोंगाट मागे राहतो. आवार शेकडो एकरांचे. एकीकडे बेगमपुरा व बीबीचा मकबरा, दुसरीकडे सोनेरी महाल, आणि पाठीशी डोंगर. त्या डोंगरात औरंगाबादची बौद्ध लेणी आहेत. अजिंठा-वेरुळापुढे ह्या लेण्यांकडे प्रवासी वळत नाहीत, परंतु आम्हांस ती येथे फार अर्थपूर्ण वाटली. विहार म्हणजे भिक्षूंचे राहण्याचे ठिकाण. मधे मंडप, भोवती लहान लहान खोल्या. जेथे शिकावयाचे तेथेच राहावयाचे, ही रीत ह्या डोंगरात विद्यापीठापूर्वी तेरा-चौदाशे वर्षे होऊन गेली होती. पहाटे मुले-मुली ह्या टेकड्यांवर फिरावयास जातात, काहीजण धावतात. पोलीस भरतीची तयारी करणारे कोण आणि पीएच.डी. करणारे कोण हे धावण्याच्या वेगावरून ओळखू येते, असे एकाने हसत सांगितले.

आता प्रवेशाची व्यवस्था. पदव्युत्तर वर्गासाठी अर्ज संगणकावरून भरावयाचा, पदवी-परीक्षेच्या गुणांवर गुणवत्तायादी लागावयाची, आणि मग मूळ कागद दाखवून प्रवेश घ्यावयाचा, असा साधारण क्रम. कठीण तो कागदांचा भाग. गुणपत्रिका, शाळा-कॉलेज सोडल्याचा दाखला, अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आणि राखीव जागेसाठी अर्ज असेल तर जातीचा दाखला व त्याची वैधता, ही सारी जुळवाजुळव जूनच्या आत व्हावी. बिडकीन पैठण तालुक्यात असल्याने दाखल्यांसाठी दक्षिणेस पैठणची तहसील गाठावयाची आणि प्रवेशासाठी उत्तरेस विद्यापीठ, अशी मुलांची ओढाताण होते. शहाण्या घराने हे कागद बारावीचा निकाल लागताच काढून ठेवावे. पुढची पाच वर्षे ते कामी येतात, उत्पन्नाचा दाखला तेवढा वेळोवेळी नवा लागतो. आर्थिक दुर्बल घटकांसाठी २०१९ पासून जी दहा टक्के राखीव तरतूद आहे ती आपल्या समाजातील कित्येक घरांस लागू पडते. परंतु लाजेने म्हणा वा अज्ञानाने, तिचा दाखला काढावयास लोक जात नाहीत.

अभ्यासक्रमही आता पूर्वीचा राहिलेला नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून पदव्युत्तर वर्गाची घडी बदलली. दोन वर्षांत ८८ श्रेयांक पुरे करावयाचे. एक वर्षानंतर थांबावे लागले तर पदविका हाती मिळते, सारे वर्ष फुकट जात नाही. संशोधनपद्धती हा विषय आणि संशोधनप्रकल्प हे आता सर्वांस आहेत, आणि काही काळ प्रत्यक्ष कारखान्यात वा संस्थेत जाऊन काम शिकण्याचीही अट आहे. धाकट्या चुलतभावाने आपल्या बहिणीच्या दारात येणाऱ्या कारखान्यांचा जो मुद्दा काढला होता त्याचे उत्तर येथेच होते. ह्या मुलीस त्याच कारखान्यांच्या प्रयोगशाळांत जाता येईल, फक्त दुसऱ्या दाराने. आय.टी.आय.चे शिक्षण हलके आहे असे आम्हांस मुळीच म्हणावयाचे नाही. ज्याचा हात यंत्रावर रमतो त्याने तेच करावे. पण ज्या गावाने आपली सारी जमीन दिली त्या गावाची मुले केवळ यंत्र चालविण्यापुरती राहावी आणि यंत्र घडविणारे, तपासणारे बाहेरून यावेत, हा सौदा महागच ठरेल.

खर्चाविषयी लोकांची समजूत उलटी आहे. सरकारी विद्यापीठाचे शुल्क हे घरास जड नसते. खाजगी विद्यापीठांतून लाखांचे हिशेब होतात, येथे अनुदानित विषयास हजारांत काम भागते. विनाअनुदानित विषय असेल तर रक्कम चढते, म्हणून विभाग अनुदानित की विनाअनुदानित हे प्रथम विचारावे. त्याखेरीज प्रयोगशाळा, ग्रंथालय, परीक्षा व अनामत ह्या रकमा निराळ्या. आठ लक्षांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या खुल्या वर्गातील कुटुंबास राजर्षी शाहू महाराज योजनेत निम्मे शिक्षणशुल्क परत मिळते, तेही दोन अपत्यांपर्यंत. मुलींस पूर्ण शुल्कमाफी देणारी जी योजना २०२४-२५ पासून गाजते आहे ती व्यावसायिक अभ्यासक्रमांची आहे आणि ठरावीक वर्गांतील मुलींस लागू आहे. येथे एक गोष्ट बिडकीनसारख्या गावात विशेष ध्यानात ठेवावी. जमिनीचा मोबदला बँकेत ठेवला असेल तर त्याचे व्याज उत्पन्नात धरले जाते, आणि काल ज्या घरास सवलत होती ते घर आज मर्यादेबाहेर जाते. आमच्या स्नेह्यांच्या घरी हेच झाले होते, आणि ते त्यांस दाखला काढावयास गेल्यावर कळले.

खरा खर्च आहे तो राहण्याजेवण्याचा. तो शासनासही कळला आहे असे म्हणावे लागेल. अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांस वसतिगृहात जागा न मिळाल्यास २०१६-१७ पासून स्वाधार योजनेतून रोख साहाय्य मिळते. ह्या दर्जाच्या शहरासाठी ते वर्षास ५१,००० रुपये ठरले, त्यांत २८,००० भोजनाचे, १५,००० निवासाचे आणि ८,००० निर्वाहाचे. हे आकडे आम्ही मुद्दाम देत आहो. सरकारने काटकसरीने मांडलेला हा हिशेब कोणत्याही घराने आपल्या मुलाच्या खर्चाचा किमान अंदाज म्हणून वापरावा. प्रत्यक्ष खर्च त्याहून वर जातो, खाली येत नाही. विद्यापीठाच्या वसतिगृहात जागा मिळाली तर निवासाचा बोजा पुष्कळच हलका होतो. गरजू विद्यार्थ्यांसाठी 'कमवा व शिका' योजना आहे. ग्रंथालयात, विभागांत, बागेत काही तास काम करून मुले भोजनाचा खर्च भागवितात. ह्या कल्पनेचे पितृत्व कर्मवीर भाऊराव पाटलांकडे जाते. आपल्याकडे वार लावून जेवणारे विद्यार्थी आजोबा-पणजोबांच्या पिढीत घरोघर होते; त्या अन्नास उपकाराचा वास असे, ह्या अन्नास तो नाही.

मग रोज घरून जाणेच स्वस्त नव्हे काय? एस.टी.चा विद्यार्थी-पास तिकिटाच्या एकतृतीयांशात मिळतो; इतर वेळीही १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांस अर्धे तिकीट आहे. पैशाच्या वहीत तात्यांचा पक्ष बिनतोड होता. परंतु आम्ही सायंकाळी सहाच्या पुढे विद्यापीठ पाहिले, आणि आमचे मत फिरले नाही तरी पक्के झाले. गावोगावची मुले त्या वेळी परतीच्या गाडीसाठी निघून जातात आणि विद्यापीठ खऱ्या अर्थाने तेव्हा उघडते. ग्रंथालयाच्या वाचनकक्षात जागा सापडत नाही. झाडाखाली पाचसहा जण एकमेकांस प्रश्न विचारीत बसलेले दिसतात. कोठे नाटकाची तालीम, कोठे युवक महोत्सवाच्या लोककलेची. विभागाच्या खिडकीत दिवा दिसला तर संशोधक विद्यार्थी उपकरणापाशी बसलेला. रोज तीन तास रस्त्यावर घालविणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाट्यास ह्यातले काहीच येत नाही. त्यास पदवी मिळते, विद्यापीठ मिळत नाही. परतल्यावर त्या रात्री मुलगी आपण होऊन म्हणाली, "तात्या, बसमध्ये वाचता येईल हो मला, पण चार वाजता लावलेला प्रयोग सहाला अर्धवट टाकून मी निघू कशी?" तात्यांनी काही उत्तर दिले नाही.

उत्तर आले ते आजींकडून, आणि ते प्रामाणिक होते. "खोलीत कोण असेल, ताटाला ताट लावून कोण बसेल, हेच तुम्हांला विचारायचं आहे ना? मग तसं सरळ विचारा की." घरातील सारे पुरुष खाली पाहू लागले. जे मनात होते ते बाहेर आले एवढेच. येथून पैठण ते केवढे! त्याच पैठणच्या पंडितांपुढे संन्याशाची पोरे म्हणून चार भावंडे शुद्धिपत्रासाठी उभी राहिली ही परंपरा आपण भक्तीने सांगतो, आणि रेड्यामुखी वेद वदविले ह्याचे कौतुक करतो. त्याच पैठणच्या नाथांनी वाळवंटात रडणारे अंत्यजाचे पोर कडेवर घेतले, हेही प्रवचनातून ऐकतो. ऐकणाऱ्या घरातील नातीने मात्र भोजनगृहात कोणाशेजारी बसावे ह्याचा विचार आपण चिंतेने करतो. आम्ही मुलींच्या वसतिगृहाच्या बाहेर ज्या मुलींशी बोललो त्यांत बीडच्या ऊसतोड कामगाराची मुलगी होती, धाराशिवच्या शिक्षकाची होती, जालन्याच्या व्यापाऱ्याची होती. त्यांचे बोलणे चालले होते ते भोजनगृहातील डाळ पातळ असते ह्याविषयी, आणि ह्या विषयात चौघींचे संपूर्ण ऐक्य होते.

विद्यापीठात सर्व गोड आहे असे मात्र कोणी समजू नये. राज्यातील सरकारी विद्यापीठांतून अध्यापकांची पदे वर्षानुवर्षे रिकामी राहतात, तासिकांवर नेमलेले तरुण अध्यापक अल्प वेतनावर शिकवितात, आणि वेळापत्रकातील परीक्षा व प्रत्यक्षातील परीक्षा ह्यांत अंतर पडते. जेथे कायमचे अध्यापक कमी तेथे संशोधनास मार्गदर्शक कोठून मिळावे? पीएच.डी. करू इच्छिणाऱ्याने म्हणूनच आधी आपल्या विषयात मार्गदर्शक आहे की नाही ते पाहावे, मग परीक्षेचा अभ्यास करावा. नेट परीक्षेत शिष्यवृत्तीसह उत्तीर्ण होणाऱ्यास २०२३ च्या आरंभापासून दरमहा ३७,००० रुपये मिळू लागले. त्याखेरीज बार्टी, सारथी, महाज्योती ह्या राज्याच्या संस्थांच्या शिष्यवृत्त्या निरनिराळ्या समाजांसाठी आहेत. त्यांची रक्कम वेळेवर हाती पडावी ही मुलांची मोठी तक्रार, आणि ती रास्त आहे.

तथापि ह्या विद्यापीठाने भूमीचे ऋण फेडले नाही असे कोणीही म्हणू शकणार नाही. नागपूर विद्यापीठाच्या साहाय्याने येथील अभ्यासकांनी १९७० नंतरच्या दशकात भोकरदनचे उत्खनन केले आणि सातवाहनांच्या काळातील भोगवर्धन नगरी उजेडात आणली. वा. ल. कुलकर्णी येथे मराठी शिकवीत. डॉ. यू. म. पठाण ह्यांनी संतवाङ्मयाच्या अभ्यासात हयात घालविली, आणि १९९० च्या पुण्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. नाथांच्या मुलखात नाथांचे वाङ्मय उलगडून सांगणारा हा पठाण पुण्याच्या संमेलनात मानाने बसला. डॉ. गंगाधर पानतावण्यांनी 'अस्मितादर्श' चालवून दलित लेखकांच्या कित्येक पिढ्या लिहित्या केल्या. प्राण्यांच्या जाती जनुकांवरून ओळखण्याचे केंद्रही ह्या आवारात आहे. ह्यांतील पुष्कळ कामे अशी की ती ह्या भूमीत बसूनच व्हावयाची होती.

तिसऱ्या दिवशी घरात एवढे ठरले की अर्जात वसतिगृहाच्या रकान्यावर खूण करावयाची. वसतिगृहाची यादी प्रवेशानंतर लागते, ती गुणांवर लागते, आणि जवळच्या गावच्या मुलींपेक्षा लांबच्या मुलींस आधी जागा मिळावी हे न्यायाचेच आहे. म्हणून जागा न मिळाल्यास शहरात तिघीचौघींनी मिळून खोली घ्यावी असा पर्यायही तात्यांनी स्वतःच काढला. खोलीचे भाडे, डबा आणि अनामत ह्यांचा हिशेब त्यांनी व्याजाच्या वहीच्या शेवटच्या पानावर मांडला, आणि भोजनाच्या रकान्यात सरकारी आकड्याहून पाच हजार अधिक धरले.